उशिरा जागे होणारे नाक

शिकारी वाणाचे पिल्लू वर्षाचे होत आले तरी माग धरत नाही, जमीन हुंगण्याऐवजी धन्याच्या पायांत घोटाळते किंवा सोबतच्या कुत्र्यामागे नुसतेच धावत सुटते, ही कुत्री पाळणाऱ्यांची फार जुनी तक्रार आहे. आणि तिच्यावर उपाय म्हणून उपाशी ठेवण्यापासून मारझोडीपर्यंत जे जे केले जाते, तेही तितकेच जुने आहे. भारतात या तक्रारीला आणखी एक पदर आहे, तो असा की, ज्या सशासाठी हे पिल्लू तयार करायचे, त्या सशामागे कुत्रा सोडणे हाच येथे गुन्हा आहे. कुत्र्याची उपजत ओढ शाबूत आहे, तिला वळण लावण्याचे ज्ञान पूर्वीपेक्षा पुष्कळ पुढे गेले आहे, आणि सावज मात्र कायद्याने हातचे गेले आहे. अशा स्थितीत मंद वाटणाऱ्या तरुण कुत्र्याचे काय करायचे, या प्रश्नाचा विचार करण्यासाठी कोलकाता हे शहर सोयीचे आहे, कारण साहेबी शिकारीचा इतिहास, शिकारउत्सवांवरील न्यायालयीन आदेश, रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या आकलनाविषयीचे संशोधन आणि पोलिसांचे श्वानप्रशिक्षण या चारही गोष्टी या शहराशी जोडलेल्या आहेत.

नजरेची कुत्री, नाकाची कुत्री

सशामागे जाणाऱ्या कुत्र्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिला नजरेवर शिकार करणाऱ्यांचा. लांब पाय, खोल छाती, आत ओढलेले पोट आणि चिंचोळा जबडा ही त्यांची ठेवण, आणि हलणारे सावज दिसताच वेगाने झेपावणे ही त्यांची रीत. ग्रेहाउंड, सालुकी आणि दख्खनच्या पठारावरचा कारवान या वर्गातले होत. सोलापूर, लातूरपासून उत्तर कर्नाटकापर्यंत माळरानांवर आढळणाऱ्या या कुत्र्याला घोरपडे घराण्याच्या मुधोळ संस्थानात राजाश्रय मिळाला, म्हणून तो मुधोळ हाउंड या नावानेही ओळखला जातो. भारतीय टपाल खात्याने २००५ साली देशी कुत्र्यांवर जी चार तिकिटे काढली, त्यांत त्याला स्थान मिळाले. दुसरा वर्ग नाकावर चालणाऱ्यांचा. बीगल, बॅसेट, ब्लडहाउंड ही कुत्री सावज डोळ्यांनी पाहत नाहीत, तर सावज जाऊन गेल्यानंतर जमिनीवर, गवतावर आणि हवेत रेंगाळलेला वास धरून त्याच्यापर्यंत पोचतात, आणि माग पक्का झाला की विशिष्ट लांब सुरात भुंकून मागच्या माणसाला तशी वर्दी देतात.

हा भेद येथे सांगण्याचे कारण असे की, पिल्लू मंद आहे असे म्हणताना त्याच्याकडून नेमकी कोणती अपेक्षा होती, हे बहुधा तपासलेच जात नाही. कारवानाच्या पिल्लाने जमिनीला नाक लावून तासभर माग काढावा ही अपेक्षा जितकी अस्थानी, तितकीच बीगलने दूरवरची हालचाल पाहून वाऱ्यासारखे सुटावे ही अपेक्षाही अस्थानी आहे.

सावजाच्या बाबतीतही असाच घोळ होतो. बीगलला तयार करण्याची बहुतेक पुस्तके इंग्लंड-अमेरिकेतील बिळात किंवा झुडपांत राहणाऱ्या लहान सशांना धरून लिहिलेली आहेत. अमेरिकेतला कॉटनटेल ससा आपल्या लहानशा वावरक्षेत्राबाहेर सहसा जात नाही, त्यामुळे मागे कुत्रा लागला की तो मोठे वर्तुळ घेऊन पुन्हा निघाल्या जागेजवळ येतो, आणि तेथील शिकारी त्याच जागी उभा राहून त्याची वाट पाहतो. भारतातला रानससा वेगळ्या कुळरीतीचा. तो बीळ करत नाही. गवतात अंगाएवढा खळगा करून दिवसभर त्यात दबून बसतो आणि संध्याकाळनंतर चरायला निघतो. त्याची पिल्ले अंगावर केस आणि डोळे उघडे घेऊनच जन्मतात. पाठलाग झाला तर तो सरळ रेषेत लांब पळतो, मध्येच आल्या वाटेने उलटा फिरतो आणि मग एक लांब उडी बाजूला टाकून आपला माग तोडतो. नवख्या कुत्र्याने अशा ठिकाणी गोंधळून थांबणे यात मंदपणा काहीच नाही. अनुभवी कुत्रेही तेथे चुकते. विजयनगर आणि अहमदाबाद या दोन्ही शहरांच्या स्थापनेच्या दंतकथांमध्ये ससा शिकारी कुत्र्यांवर उलटल्याचे सांगितले जाते, त्यात अतिशयोक्ती उघड असली तरी या प्राण्याविषयीचा लोकांचा आदर दिसतो.

राजविनोदापासून साहेबी शिकारीपर्यंत

कुत्र्यांकरवी शिकार हा भारतात राजविनोदाचा मान्य प्रकार होता. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावरील ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकींचे जे प्रकार वर्णिले आहेत, त्यांत सारमेयविनोद, म्हणजे कुत्र्यांचा खेळ, याला स्वतंत्र जागा आहे. शिकारीच्या प्रकारांची शास्त्रोक्त चर्चा करणारा आणि मुख्यतः ससाण्यांच्या पालनाविषयी असणारा ‘श्यैनिकशास्त्र’ हा कुमाऊँच्या रुद्रदेवाचा ग्रंथ तर १९१० साली हरप्रसाद शास्त्री यांनी संपादित करून इंग्रजी भाषांतरासह कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीमार्फत प्रसिद्ध केला.

त्याच शहरात इंग्रजांनी शिकारीचा आपला रिवाज आणला होता. बंगालच्या सैन्यात नोकरी केलेल्या कॅप्टन टॉमस विल्यमसन याचा ‘ओरिएंटल फील्ड स्पोर्ट्स’ हा सॅम्युएल हॉविटच्या चित्रांनी सजलेला ग्रंथ १८०७ साली लंडनमध्ये पूर्ण झाला, आणि कंपनी सरकारच्या काळातील शिकारीचे चित्र त्यातून उभे राहते. विलायतेहून जहाजाने हाउंड आणवले जात, आणि इंग्लंडातल्या खोकडाची जागा येथे कोल्ह्याने भरून काढली जाई. मात्र थंड, ओलसर कुरणांसाठी घडवलेली ही कुत्री बंगालच्या उन्हाळ्याला आणि रोगांना फार काळ तोंड देत नसत, हा त्या काळातील शिकाऱ्यांचा नित्याचा अनुभव होता. या अनुभवाचे कारण शरीरशास्त्रात आहे. कुत्रा अंगाची उष्णता मुख्यतः धापा टाकून बाहेर टाकतो, आणि तोंड उघडे ठेवून धापा टाकणारा कुत्रा वास नीट घेऊ शकत नाही, कारण वास घेण्यासाठी तोंड मिटून नाकपुड्यांनी जलद, आखूड श्वास घ्यावे लागतात. म्हणूनच कोलकात्याच्या वैशाखात दुपारी मैदानावर नेलेला बीगल मठ्ठ वाटतो आणि तोच कुत्रा पौषातल्या सकाळी दवाने भिजलेल्या गवतावर चलाख वाटतो.

उशीर नेमका कशाचा

पिल्लू जन्मते तेव्हा आंधळे आणि बहिरे असते. डोळे साधारण दोन आठवड्यांनी उघडतात. वासाची जाणीव मात्र पहिल्या दिवसापासून असते, कारण आईच्या आचळापर्यंत ते नाकाच्या आधारानेच पोचते. तेव्हा कुत्र्याचे नाक जागे करावे लागते, असे म्हणणे शब्दशः खरे नाही. जागे करावे लागते ते नाकाचा वापर करून अनोळखी जागेत, माणसापासून दूर, एकट्याने पुढे जाण्याचे धैर्य. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेतील बार हार्बर येथे पाच जातींच्या कुत्र्यांवर दीर्घकाळ अभ्यास करून १९६५ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्या पाच जातींत बीगलही होता. तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ हा पिल्लाच्या सामाजिक जडणघडणीचा निर्णायक काळ असतो, हा त्यांचा निष्कर्ष पुढे श्वानप्रशिक्षणाचा पाया ठरला. या काळात ज्या पिल्लाने फक्त पिंजरा पाहिला, त्याला पुढे उंच गवत, अनोळखी माणूस किंवा फटाक्याचा आवाज यांची धास्ती वाटते, आणि धास्तावलेले कुत्रे हुंगत नाही.

कोलकात्यात उत्तरेकडच्या गॅलिफ स्ट्रीटवर दर रविवारी पाळीव प्राण्यांचा जो बाजार भरतो, तेथे किंवा इतर कोणत्याही शहरात पिल्लू घेताना ही गोष्ट पहिल्याने पाहायला हवी. आठ आठवड्यांच्या आतील पिल्लाच्या विक्रीला कुत्र्यांची पैदास व विक्री यासंबंधीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनी मनाई केली आहे, कारण आई आणि भावंडांपासून लवकर तुटलेले पिल्लू पुढे भित्रे किंवा चिडखोर होण्याचा संभव अधिक असतो.

याविषयीचे भारतातील महत्त्वाचे काम कोलकात्याच्याच परिसरात झाले आहे. नदिया जिल्ह्यातील मोहनपूर येथे असलेल्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत, म्हणजेच आयसर कोलकाता येथे, प्रा. अनिंदिता भद्र यांचा गट रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या वर्तनाचा अभ्यास करतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या गटाच्या एका प्रयोगात, दोन भांड्यांपैकी ज्याकडे माणूस बोट दाखवील त्या भांड्याकडे कुत्रे जाते का, हे पिल्ले, किशोर आणि प्रौढ अशा तीन वयांच्या कुत्र्यांत तपासले गेले. पिल्ले बोटाच्या दिशेने सहज गेली. किशोरवयीन कुत्र्यांनी त्या खुणेकडे पाठ फिरवली. आणि प्रौढ कुत्र्यांनी आधीच्या वेळी माणसाने दाखवलेल्या जागी खाणे मिळाले होते की नाही, हे लक्षात ठेवून त्यानुसार विश्वास टाकला किंवा टाकला नाही. मधल्या वयातली ही पाठ फिरवणारी अवस्था शिकारी पिल्लांच्या धन्यांनी मुद्दाम ध्यानात घ्यावी अशी आहे. चार महिन्यांचे असताना हाकेला धावणारे पिल्लू आठव्या महिन्यात ऐकेनासे झाले की ते बिघडले असे समजून धनी पट्टा उगारतो, आणि त्यामुळे ज्या वयात कुत्रा माणसाचा भरवसा पारखत असतो, नेमक्या त्याच वयात तो भरवसा मोडतो.

याच गटाच्या २०२० मधील आणखी एका अभ्यासात कोलकात्यासह पश्चिम बंगालमधील शहरांतल्या प्रौढ कुत्र्यांना दुरून बोटाने खूण करण्यात आली. निम्मी कुत्री जवळच आली नाहीत. पण जी आली, त्यांपैकी सुमारे ८० टक्के कुत्र्यांनी कोणतेही शिक्षण नसताना खूण ओळखून योग्य भांडे गाठले. दूर राहिलेली कुत्री कमी बुद्धीची होती असे यावरून म्हणता येत नाही. त्यांना माणसाचे भय होते आणि भय संपल्याशिवाय बुद्धीची परीक्षा होऊच शकली नाही. उशिरा सुरुवात करणाऱ्या शिकारी कुत्र्यालाही हेच लागू आहे.

मागाचा पाठ

प्रशिक्षणाकडे वळण्यापूर्वी पशुवैद्याची तपासणी अपरिहार्य ठरते. गोचीडतापाने रक्त कमी झालेले, जंतांनी पोखरलेले किंवा सांधे दुखणारे कुत्रे आळशी दिसते, आणि डिस्टेंपर या विषाणुजन्य रोगातून वाचलेल्या कुत्र्याची वास घेण्याची शक्ती उणावलेली असू शकते. कारवानासारख्या वाणांत तर वाढ पुरी होण्याच्या आत लांब धावा काढायला लावल्यास हाडांना इजा होते, तेव्हा तेथे उशीर हीच शिस्त होय. बीगलमध्ये सहा महिने ते वर्ष हे सुरुवातीचे नेहमीचे वय मानले जाते, परंतु दीड वर्षापर्यंत थंड राहून नंतर उत्तम निघालेली कुत्रीही अनुभवी लोकांच्या पाहण्यात असतात.

पहिला पाठ कृत्रिम मागाचा, म्हणजे वासाचा फडका किंवा खाऊ भरलेला मोजा दोरीने जमिनीवर ओढत नेऊन तयार केलेल्या वाटेचा असतो. त्यासाठी सकाळची वेळ, ओलसर आखूड गवत आणि मंद वारा निवडावा. फडका वाऱ्याच्या दिशेनेच ओढत न्यावा, म्हणजे माग काढताना वारा कुत्र्याच्या पाठीकडून येतो आणि समोरून हवेत तरंगत येणारा वास मिळत नसल्याने त्याला नाक खाली घालावेच लागते. आरंभी वाट पंधरा-वीस पावलांची आणि सरळ असावी, टोकाला खाऊ ठेवलेला असावा, आणि कुत्र्याला लांब दोरीवर ठेवून त्याच्या मागे, पुढे नव्हे, चालावे. शेपटी वर होऊन थरथरू लागणे, श्वास आखूड आणि ऐकू येण्याइतका होणे, मान जमिनीशी समांतर राहणे ही नाक कामाला लागल्याची चिन्हे होत. ती दिसू लागल्यावर वाटेत एक वळण, मग दोन वळणे, मग दहा मिनिटे आणि पुढे अर्धा तास शिळा झालेला माग, असा क्रम लावता येतो.

माग मध्येच तुटतो तेव्हा प्रशिक्षकाची खरी कसोटी लागते. कुत्रा डोके वर करतो, मागे पाहतो, थोडा घुटमळतो. या क्षणी बोट दाखवून वाट सांगितली की तो पुढच्या वेळी माग तुटण्याची वाट पाहू लागतो, आणि ओरडले की हुंगणेच सोडतो. गप्प उभे राहिले, तर बहुतेक कुत्री शेवटच्या पक्क्या वासाभोवती आपोआप फेर धरतात आणि वाट पुन्हा उचलतात. स्वतः शोधलेली ती वाट त्यांना दहा शाबासक्यांपेक्षा अधिक शिकवून जाते.

जाणत्या कुत्र्याची सोबत हा दुसरा उपाय, पण तो औषधासारखा मोजून द्यावा लागतो. शांत स्वभावाच्या वयस्क कुत्र्याबरोबर थोड्या वेळा नेल्यास पिल्लाला कामाचा अंदाज येतो. कायम सोबत दिल्यास ते वासामागे न जाता दुसऱ्याच्या शेपटीमागे जायला शिकते आणि एकटे सोडल्यावर पुन्हा कोरेच निघते. प्रत्येक पाठ कुत्रा थकण्याच्या आत, त्याला अजून हवासा वाटत असतानाच थांबवावा, मोठ्या आवाजांची सवय दुरून आणि हळूहळू लावावी, आणि विजेचा झटका देणारे पट्टे अजिबात वापरू नयेत, कारण झटक्याच्या क्षणी नाकात जो वास असेल त्याचीच भीती कुत्र्याच्या मनात बसते.

सशापाशी कायदा थांबवतो

विदेशी पुस्तकांतील पुढची पायरी म्हणजे जिवंत ससा, आणि तेथेच भारतीय वाचकाने पुस्तक मिटायचे असते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात मारण्याइतकेच पकडणे, फासे लावणे, हाका घालणे आणि पाठलाग करणे, तसेच या प्रत्येकाचा नुसता प्रयत्न करणे यांचाही समावेश आहे. त्यामुळे ‘कुत्रा फक्त धावला, ससा निसटला’ हा बचाव टिकत नाही. सुरुवातीला सशासारख्या लहान सावजासाठी परवान्याची सोय या कायद्यात होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती वाट बंद झाली, आणि २०२२ च्या दुरुस्तीने सर्वसाधारण गुन्ह्यांसाठीच्या दंडाची कमाल मर्यादा २५ हजारांवरून एक लाख रुपयांवर नेली. इंग्लंडातही २००४ च्या कायद्यान्वये कुत्र्यांकरवी रानसशाची शिकार बंद झाली आणि सशामागे ग्रेहाउंड सोडण्याची वॉटरलू कप ही प्रसिद्ध स्पर्धा २००५ नंतर भरली नाही. बिळात राहणाऱ्या लहान सशाला मात्र त्या कायद्यातून वगळले आहे. भारतात तशी पळवाट नाही.

पश्चिम बंगालमध्ये हा प्रश्न कागदावरचा नाही. झाडग्राम, पश्चिम मेदिनीपूर, बांकुडा आणि पुरुलिया या जंगलमहाल म्हणवल्या जाणाऱ्या जिल्ह्यांत वसंत आणि ग्रीष्मात सामूहिक शिकारीचे दिवस पाळले जातात. संताळ समाजात या प्रथेला सेंदरा म्हणतात आणि एकेकाळी तिचा संबंध समाजाच्या पंचायतीशी, न्यायनिवाड्याशी आणि तरुणांच्या दीक्षेशी होता. जंगल आटले, बाहेरगावचे हौशी लोक वाहने भरून येऊ लागले, आणि ससे, रानडुकरे, घोरपडी, रानमांजरे यांची सरसकट हत्या होऊ लागली. एप्रिल २०१८ मध्ये लालगडच्या जंगलात शिकारीच्या मोसमातच एक पट्टेदार वाघ मारला गेला. एका स्वयंसेवी संस्थेच्या याचिकेवर कलकत्ता उच्च न्यायालयाने त्याच वर्षी राज्य शासनाला ही शिकार रोखण्याचे आदेश दिले, आणि पुढे २०२३ मध्ये प्रबोधनासाठी जिल्हा पातळीवर समित्या नेमण्यास सांगितले. परंपरेचा सण ठेवावा आणि रक्त वगळावे, ही दिशा त्यातून स्पष्ट होते.

त्याच ओढीचे दुसरे काम

सावज गेले म्हणून शोधाची ओढ वाया जात नाही. माग काढण्यात कुत्र्याला जो आनंद मिळतो, तो शेवटी तोंडात ससा येण्यावर अवलंबून नसतो. चेंडू, खाऊ किंवा धन्याची कौतुकाची हाक एवढ्यावर त्याचे समाधान होते. पोलीस आणि वनखात्यांचे श्वानशिक्षण याच तत्त्वावर उभे आहे. मुंबईत १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स शोधण्यात वाटा असलेला मुंबई पोलिसांचा जंजीर हा लॅब्राडोर मराठी वाचकांना परिचित आहे. ट्रॅफिक आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया या संस्थांनी २००८ पासून वन्यजीव गुन्हे शोधणारी कुत्री तयार करण्याचा जो उपक्रम चालवला, त्यात जर्मन शेफर्ड आणि बेल्जियन मॅलिन्वा जातीच्या पिल्लांना महिनोन्‌महिने शिकवून वाघाची हाडे, बिबट्याचे कातडे, हस्तिदंत यांचा वास ओळखायला लावले जाते. ही कुत्री अनेक राज्यांच्या वनखात्यांत दाखल झाली, आणि त्यांत पश्चिम बंगालही आहे. पूर्वी प्राण्यामागे धावणारे नाक आता शिकाऱ्यामागे धावते, असे याचे सार सांगता येईल.

कोलकात्याजवळ बराकपूर येथील पोलीस प्रशिक्षण केंद्रातील आशा या कुत्रीचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. ती कोणत्याही नामांकित वाणाची नव्हती. रस्त्यावर जखमी अवस्थेत सापडलेल्या या कुत्रीला पोलिसांनी सांभाळले आणि पुढे वंशावळ असलेल्या कुत्र्यांबरोबर तिलाही हुंगण्याचे आणि अडथळे ओलांडण्याचे शिक्षण दिले. देशी वाणांकडे पाहण्याची सरकारी दृष्टीही बदलत आहे. २०१६ मध्ये मुधोळची पिल्ले मेरठच्या लष्करी केंद्रात चाचणीसाठी गेली, ती त्याच बदलाची खूण होती.

शहरात बीगल किंवा कारवान पाळणाऱ्यांनी यातून घ्यायचा धडा अगदी व्यवहारातला आहे. पिल्लू आठ आठवड्यांच्या आत घेऊ नये. घेतल्यावर त्याला जग दाखवावे. ते मधल्या वयात ऐकेनासे झाले तर हात आवरावा. दीड वर्षापर्यंत निकाल देऊ नये. आणि माग काढायला शिकवायचेच असेल तर फडक्याचा, मोज्याचा, लपलेल्या माणसाचा माग शिकवावा, रानात जाताना मात्र पट्टा सोडू नये. उशिरा सुरुवात करणाऱ्या कुत्र्यांपैकी बहुतेकांच्या नाकात दोष नसतो, तो धन्याच्या घाईत असतो. आणि ती घाई आवरायला ना परवाना लागतो ना ससा.